विक्री विभागाचा सामायिक ईमेल पत्ता: एलियस पुरेल की शेअर्ड मेलबॉक्स हवा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, त्यावर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (पेट्या सांभाळणारा आणि त्या वाचू देणारा) चालतात. विक्री विभागातल्या पाच जणांना मिळून एक पत्ता हवाय. एकाने एलियस टाकायला सांगितलं, दुसऱ्याने ‘विक्री’ नावाचं खातं उघडून पासवर्ड पाचही जणांना वाटायला सांगितलं. तुम्ही एलियस टाकलात. आता एका सहकाऱ्याला त्याच्या जीमेलवर काही मेल पोचत नाहीत, उत्तरं ज्याच्या त्याच्या वैयक्तिक पत्त्यावरून जातात, कधी एकाच ग्राहकाला दोघं उत्तर देतात आणि कधी कोणीच देत नाही.

यातल्या जीमेलच्या तक्रारीचं कारण वेगळं आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. बाकी सगळ्या तक्रारींचं मूळ एकच. एलियस म्हणजे पत्त्याला दिलेलं टोपणनाव. त्याला स्वतःची पेटी नसते. मेल आला की सर्व्हर त्याच्या पाच प्रती काढतो आणि पाच जणांच्या इनबॉक्समध्ये टाकतो. त्यानंतर त्या प्रतींचा एकमेकींशी काहीही संबंध उरत नाही. एकाने वाचला, उत्तर दिलं, डिलीट केला, तरी बाकीच्या चौघांकडे तो न वाचलेला मेल तसाच ठळक अक्षरात दिसतो. कोणी उत्तर दिलं हे कळायला सर्व्हरवर जागाच नाही.

म्हणून मी आधी एकच गोष्ट विचारतो: बाहेरून लिहिणाऱ्याला या पत्त्यावरून उत्तर हवंय का? हवं असेल, तर मेल एकाच जागी राहायला हवा आणि सगळ्यांनी तीच जागा पाहायला हवी, म्हणजे शेअर्ड मेलबॉक्स. उत्तराची अपेक्षा नसेल, नुसती माहिती पोचवायची असेल, उदाहरणार्थ बॅकअप झाल्याची सूचना किंवा सभेचं बोलावणं, तर एलियस उत्तम. त्यासाठी मेलबॉक्सचा खटाटोप कशाला. तुमचा पत्ता ग्राहकांसाठी आहे, तेव्हा तुम्हाला मेलबॉक्स लागेल. दिवसाला दोन-तीनच मेल येत असतील आणि पाचही जण एकाच खोलीत बसत असतील, तर एलियसवरही भागतं, हे मान्य. पण मेल वाढले की तेच दुखणं परत येतं.

आधी पासवर्ड वाटण्याचा पर्याय बाजूला करू, कारण तो सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त महागात पडतो. डव्हकॉटमध्ये एका वापरकर्त्याला एका आयपी पत्त्यावरून एका वेळी १० आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत) जोडण्यांची मर्यादा मुळात लावलेली असते. ऑफिसमधले सगळे संगणक बाहेर एकाच आयपीवरून दिसतात, आणि सर्व्हर बाहेर कुठे भाड्याने घेतलेला असेल तर त्याला ते सगळे एकच वाटतात. थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्रॅम एका खात्यासाठी ५ पर्यंत जोडण्या उघडून ठेवतो. म्हणजे दोन संगणक मिळून १० भरल्या की तिसऱ्याला ‘जोडण्यांची मर्यादा ओलांडली’ असा एरर येतो, तोही मधूनच, त्यामुळे लोक नेटला दोष देत बसतात. मर्यादा वाढवता येते, पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. पाचांपैकी कोणी खातं चुकून पॉपने (मेल संगणकावर उतरवून घेणाऱ्या पद्धतीने) जोडलं आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण काढलेली असली, की सगळे मेल त्याच्या एकट्याच्या संगणकावर उतरतात आणि बाकीच्यांचा इनबॉक्स रिकामा. शिवाय कोणी नोकरी सोडली की पासवर्ड बदलून तो प्रत्येक संगणकात आणि फोनमध्ये नव्याने भरावा लागतो. हे काम नेहमी उद्यावर ढकललं जातं, आणि सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर तुमच्या ग्राहकांचे मेल येत राहतात. कोणी काय पाठवलं याचा लॉगही निरुपयोगी होतो, कारण त्यात सगळीकडे ‘विक्री’ हेच लॉगिन.

आता एलियसबद्दल, कारण सूचनांच्या पत्त्यांसाठी तो तुम्हाला लागणारच आहे. पोस्टफिक्समध्ये एलियस दोन जागी लिहिता येतो आणि तिथेच पुष्कळ जण अडकतात. इटीसी फोल्डरातली एलियसेस नावाची फाइल फक्त लोकल डिलिव्हरी वाचते, म्हणजे ज्या डोमेनचे मेल सर्व्हरवरच्या लिनक्स वापरकर्त्यांना जातात तेवढ्यांसाठी. डव्हकॉटबरोबरच्या बहुतेक मांडण्यांत डोमेन व्हर्च्युअल मेलबॉक्स म्हणून, म्हणजे लिनक्स वापरकर्त्यांशी न बांधलेल्या पेट्यांचं म्हणून, नोंदवलेलं असतं. अशा वेळी त्या फाइलीत कितीही ओळी लिहा, पोस्टफिक्स तिकडे बघतही नाही. नोंद व्हर्च्युअल एलियस मॅपमध्ये (मॅप म्हणजे पोस्टफिक्स ज्यात शोधतो तो तक्ता) हवी: डावीकडे डोमेनसकट पूर्ण पत्ता, उजवीकडे सदस्यांचे पूर्ण पत्ते, मध्ये स्वल्पविराम. साध्या फाइलीत नोंदी ठेवत असाल तर बदलानंतर पोस्टमॅप (फाइल पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी कमांड) चालवायला विसरू नका. एलियसेस फाइलीसाठी मात्र न्यूएलियसेस ही कमांड. नोंद लागू झाली का हे मेल पाठवून पाहण्याआधी पोस्टमॅपला क्यू हा पर्याय, पत्ता आणि मॅपचं नाव देऊन विचारा. उत्तरात सदस्यांची यादी आली तर ठीक. काहीच छापलं नाही तर नोंद सापडलेली नाही.

एलियसचा एक दोष ग्राहकाच्या डोळ्यांत सलतो. एका सदस्याचा कोटा, म्हणजे पेटीची ठरवलेली जागा, भरला की त्याची प्रत परत येते, आणि ती तुमच्याकडे न येता मूळ पाठवणाऱ्याकडे जाते. त्या परतीच्या मेलमध्ये पोस्टफिक्स सदस्याचा वैयक्तिक पत्ता लिहितो, शेजारी हा पत्ता कोणत्या ग्रुप पत्त्यातून उलगडला तेही लिहितो, आणि पुढे पेटी भरल्याचं कारण. बाकी चौघांना मेल व्यवस्थित मिळालेला असतो, पण ग्राहकाला वाटतं की मेल गेलाच नाही. एलियसेस फाइलीत ‘ओनर’ आणि आडव्या रेषेनंतर ग्रुपचं नाव अशी जोडनोंद केली की परतीचे मेल त्या जबाबदार व्यक्तीकडे वळतात. व्हर्च्युअल मॅपमध्ये ही सोय नाही. तिथे परतीचे मेल स्वतःकडे वळवायचे असतील तर मेलमॅनसारखं मेलिंग लिस्टचं सॉफ्टवेअर लागतं.

आता जीमेलची तक्रार. ग्राहकाचा मेल तुमच्या सर्व्हरवर आला आणि तिथून एलियसने जीमेलला गेला, की जीमेलच्या दृष्टीने ग्राहकाच्या डोमेनचा मेल तुमच्या आयपीवरून आला. ग्राहकाच्या एसपीएफ नोंदीत (डोमेनच्या नावाने कोणत्या आयपींनी मेल पाठवावा याची यादी) तुमचा आयपी नाही, म्हणून एसपीएफ नापास. मग भिस्त डीकिमच्या सहीवर, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरने मेलवर केलेल्या डिजिटल सहीवर. मेलला हात लावला नाही तर ती सही शाबूत राहते आणि मेल सहसा पोचतो. पण ग्राहकाकडे डीकिम नसेल, किंवा तुमच्या सर्व्हरवरचा एखादा फिल्टर विषयाच्या आधी ‘[विक्री]’ असा शब्द किंवा मजकुराखाली तळटीप जोडत असेल, तर तीही जाते. त्यातून ग्राहकाच्या डोमेनचं डीमार्क धोरण (या दोन्ही तपासण्या नापास झाल्या तर मेलचं काय करायचं ते) ‘नाकारा’ असं असेल तर मेल दारातूनच परत. म्हणूनच काही मेल पोचतात आणि काही नाही. ते पाठवणाऱ्याच्या डोमेनवर अवलंबून आहे, तुमच्या सहकाऱ्याच्या खात्यावर नाही. एसआरएस ही सोय लावून लिफाफ्यावरचा पाठवणारा (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पत्ता, मेलमध्ये दिसणारा ‘फ्रॉम’ नव्हे) बदलता येतो आणि एसपीएफ पास होतो, पण तो पास तुमच्या डोमेनच्या नावावर होतो. डीमार्क ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी मेळ बघतो, त्यामुळे त्याला याचा उपयोग नाही. शिवाय ग्रुपच्या पत्त्यावर येणारं स्पॅमही तुमच्या सर्व्हरच्या नावाने जीमेलकडे जातं आणि सर्व्हरची पत घसरते. ऑफिसच्या ग्रुपमध्ये बाहेरचा पत्ता घालूच नये, हे माझं ठाम मत. त्या सहकाऱ्याला तुमच्याच सर्व्हरवर खातं द्या आणि फोनमधल्या मेल अ‍ॅपमध्ये ते आयमॅपने जोडून द्या.

मुख्य काम मेलबॉक्सचं. डव्हकॉटमध्ये ‘विक्री’ हा एक साधा वापरकर्ता तयार करा, त्याला लांबलचक पासवर्ड द्या आणि तो कोणालाही सांगू नका. पाचही जण आपापल्याच लॉगिनने येतील आणि त्यांना विक्रीच्या पेटीचे हक्क मिळतील. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: एसीएल (हक्कांची यादी) प्लगइन आणि त्याचा आयमॅपसाठीचा जोड, शेअर्ड प्रकारची नेमस्पेस (इतरांच्या पेट्या दाखवणारा फोल्डरांचा विभाग), आणि कोणाची पेटी कोणाला खुली आहे याची नोंद ठेवणारी डिक्शनरी. ही तिसरी गोष्ट हमखास राहते. ती नसली तर हक्क बरोबर दिलेले असूनही प्रोग्रॅममध्ये फोल्डर दिसतच नाही, आणि माणूस तासभर हक्कच तपासत बसतो. सगळं बरोबर असूनही दिसत नसेल तर प्रोग्रॅममध्ये त्या फोल्डरला सबस्क्राइब करायचं राहिलेलं असतं. नेटवरचे नमुने उतरवताना आवृत्ती पाहा, डव्हकॉट २.४ मध्ये सेटिंग लिहायची पद्धत बदलली आहे, २.३ ची फाइल तिथे जशीच्या तशी चालत नाही. आणि तुमचे वापरकर्ते खरे लिनक्स वापरकर्ते असतील, प्रत्येकाचा युआयडी (लिनक्समधला ओळखक्रमांक) वेगळा असेल, तर हक्क देऊनही फाइल उघडायला परवानगी नाही असा एरर लॉगमध्ये येईल. सगळ्या पेट्या एकाच व्हीमेल वापरकर्त्याच्या मालकीच्या असल्या की ही कटकट राहत नाही.

हक्क डव्हॅडम कमांडने देता येतात, आणि कोणता हक्क कशासाठी हे नीट समजून द्या, कारण एखादा कमी पडला की दिसणारी लक्षणं फसवी असतात. फोल्डर दिसायला लुकअप, वाचायला रीड. ‘वाचलं’ ही खूण टिकायला राइट-सीन हा वेगळा हक्क आहे. उत्तर दिल्याचा वळलेला बाण टिकायला साधा राइट लागतो. हाच राहिला तर माणूस उत्तर देतो, त्याच्या पडद्यावर क्षणभर बाण दिसतो, आणि प्रोग्रॅम बंद करून उघडला की गायब. बाकीच्यांना तर तो कधी दिसलेलाच नसतो. मेल दुसऱ्या फोल्डरात हलवायला मूळ फोल्डरवर राइट-डिलीटेड (डिलीटची खूण लावायला) आणि एक्सपंज (खूण लावलेले मेल काढून टाकायला), आणि नव्या फोल्डरवर इन्सर्ट. हे सगळं इनबॉक्सवर दिलं म्हणजे सेंटवरही लागू झालं असं समजू नका. प्रत्येक फोल्डरला वेगळं द्या.

शेअर्ड पेटीत ‘वाचलं’ ही खूण मुळात सगळ्यांची एकच असते. एकाने मेल उघडला की पाचही जणांकडे तो वाचलेला दिसतो. डव्हकॉटमध्ये ती प्रत्येकाची वेगळी करता येते, पण विक्रीसारख्या कामात ती एकच ठेवावी असं मला वाटतं. मात्र ‘वाचलेला’ म्हणजे ‘उत्तर दिलेला’ नव्हे, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवावं लागतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे इनबॉक्समध्ये फक्त बाकी असलेलं काम ठेवायचं. ज्याने मेल हातात घेतला त्याने तो आपल्या नावाच्या फोल्डरात हलवायचा, उत्तर गेलं की ‘झालेले’मध्ये. रंगीत खुणांवर विसंबू नका. थंडरबर्डचे टॅग सर्व्हरवर साठतात आणि दुसऱ्या थंडरबर्डला दिसतात, पण आयमॅपने जोडलेल्या आउटलुकच्या कॅटेगरी तशा जात नाहीत. फोल्डर मात्र सगळ्यांना सारखेच दिसतात.

आता उत्तर कोणत्या पत्त्यावरून जातं ते. प्रत्येकाच्या प्रोग्रॅममध्ये विक्रीच्या पत्त्याची दुसरी ओळख, म्हणजे आयडेंटिटी, जोडा. पण सर्व्हरवर एक कडी लावल्याशिवाय हे करू नका. पोस्टफिक्सला मुळात कोण कोणाच्या नावाने पाठवतोय याचं सोयरसुतक नसतं. लॉगिन झालेला कोणीही फ्रॉममध्ये साहेबांचा पत्ता घालू शकतो. सेंडर लॉगिन मॅप्स या मॅपमध्ये डावीकडे विक्रीचा पत्ता, उजवीकडे पाच लॉगिन असं लिहा, प्रत्येकाच्या स्वतःच्या पत्त्याचीही नोंद करा, आणि लॉगिन व पाठवणारा जुळत नसेल तर नाकारण्याची अट चालू करा. क्रम महत्त्वाचा आहे: लॉगिन झालेल्यांना सरसकट परवानगी देणारी ओळ या अटीच्या वर असेल, तर अट कधी तपासलीच जात नाही. ही अट लिफाफ्यावरचा पत्ता तपासते, मेलच्या आतला फ्रॉम नाही, हेही ध्यानात असू द्या. साध्या वापरात प्रोग्रॅम दोन्हीकडे तोच पत्ता घालतो, म्हणून ती पुरते.

पाठवलेल्याची प्रत ही दुसरी गळती. कोणीही उत्तर दिलं की प्रत त्याच्या स्वतःच्या सेंट फोल्डरात जाते, आणि उद्या तो रजेवर असला की ग्राहकाला काय भाव सांगितला हे कोणालाच कळत नाही. थंडरबर्डमध्ये त्या आयडेंटिटीच्या ‘प्रती आणि फोल्डर’ भागात जाऊन विक्रीच्या पेटीतला सेंट फोल्डर निवडता येतो. पण पाच संगणक आणि पाच फोन यांत हे हाताने बरोबर राहील अशी आशा मी ठेवत नाही. त्यापेक्षा पोस्टफिक्सच्या सेंडर बीसीसी मॅपमध्ये नोंद करा: विक्रीच्या पत्त्यावरून जे जाईल त्याची एक प्रत विक्रीच्याच पेटीत. मग त्या पेटीवर सीव्हचा (आलेला मेल आपोआप फोल्डरात लावण्याच्या नियमांची भाषा) एक नियम लावा, की फ्रॉममध्ये आपलाच पत्ता असेल तर मेल वाचलेला म्हणून सेंट फोल्डरात टाक. बाहेरच्याने तुमचाच पत्ता फ्रॉममध्ये घालून पाठवलेलं स्पॅम या नियमाने सेंटमध्ये जाऊन बसू नये, म्हणून अशा मेलना बाहेरून येतानाच अडवणारा डीमार्क तपास चालू ठेवा.

सर्व्हर तुमचा नसता तर यातलं बरंचसं काम तयार मिळालं असतं, पण चुका जवळपास त्याच. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये शेअर्ड मेलबॉक्सला ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही. वाचण्यासाठी फुल अ‍ॅक्सेस आणि त्या नावाने पाठवण्यासाठी सेंड अ‍ॅज, असे दोन हक्क वेगवेगळे द्यावे लागतात. पाठवलेल्याची प्रत मुळात पाठवणाऱ्याच्या सेंटमध्येच जाते, शेअर्ड पेटीत हवी असेल तर ती सोय चालू करावी लागते. तिथली वितरण यादी मुळात फक्त आतल्या लोकांचे मेल घेते. बाहेरच्याला ५.७.१३३ या क्रमांकाचा नकार मिळतो, तर ऑफिसमधून केलेली चाचणी मात्र पास होते. गूगल वर्कस्पेसमध्ये या कामासाठी ग्रुप्समधला सहयोगी इनबॉक्स आहे; तिथेही बाहेरच्या कोणालाही लिहिता येईल अशी परवानगी आहे ना, हे आधी पाहा. जीमेलवाल्या सदस्याने स्वतःच ग्रुपला मेल पाठवून चाचणी घेतली तर त्याची प्रत त्याच्या इनबॉक्समध्ये परत दिसत नाही, आणि ग्रुप बिघडला असा समज होतो. चाचणी नेहमी बाहेरच्या, सदस्य नसलेल्या खात्यावरून घ्या.

याच्या उलट बाजू ‘सर्व कर्मचारी’ अशा पत्त्याची. तो बाहेरून बंदच हवा. पोस्टफिक्समध्ये त्या पत्त्यावर फक्त लॉगिन झालेल्यांना किंवा ऑफिसच्या नेटवर्कमधल्यांनाच पाठवू देणारी अट लावता येते. ती नसेल तर एकच स्पॅम सगळ्या ऑफिसच्या इनबॉक्समध्ये जातं.

शेवटी, एलियसवरून मेलबॉक्सवर जाताना एक खड्डा आहे. विक्री नावाचा वापरकर्ता तयार केलात आणि व्हर्च्युअल एलियस मॅपमधली जुनी ओळ तशीच राहिली, तर नव्या पेटीत एकही मेल येणार नाही, कारण पोस्टफिक्स पेटी शोधण्याआधी एलियस उलगडतो. पहिले दोन आठवडे ओळ काढू नका, उजवीकडे पाच जणांच्या पुढे विक्रीचा स्वतःचा पत्ताही जोडा. म्हणजे पेटी भरायला लागेल आणि हक्कांत काही चुकलं तरी कोणाचा मेल हरवणार नाही. आपल्या इनबॉक्समधली प्रत फक्त वाचायची, उत्तर पेटीतूनच द्यायचं, असं मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. जीमेलचा पत्ता यादीतून लगेच काढा. दोन आठवड्यांनी पूर्ण ओळ काढा, पोस्टमॅप चालवा आणि बाहेरच्या खात्यावरून एक मेल पाठवून लॉग उघडा. एलियस चालू असताना प्रत्येक सदस्याच्या ओळीत ‘टू’नंतर त्याचा पत्ता आणि पुढे ‘ओरिग टू’मध्ये विक्रीचा पत्ता दिसायचा. आता एकच ओळ दिसायला हवी, ‘टू’मध्ये विक्रीचा पत्ता आणि ‘ओरिग टू’ नाहीच. तशी दिसली नाही, तर जुनी नोंद अजून कुठल्यातरी मॅपमध्ये शिल्लक आहे.